सकाळी तोंड कोरडं आणि कडू: आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

पहाटे जाग यायची तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली, ओठांच्या कडा खरखरीत, आणि पहिला आवंढा गिळताना कारल्याचा रस प्यायल्यासारखी चव. चूळ भरली, चहा घेतला की तासाभरात सगळं निवळायचं, म्हणून दिवसभर त्याचा विसर पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गेल्या वर्षी जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत माझं असंच चाललं होतं. घरात, गोव्यात फोंड्याच्या बाजारातल्या माझ्या दुकानात, देवळात, जो भेटेल त्याचं एकच निदान: "पित्त झालंय." मीही तेच धरून बसलो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या स्वतःच आणून पाच महिने घेतल्या. थोडा फरक पडायचा, पूर्ण बरं कधीच वाटायचं नाही. ज्यांचं असंच अडलं आहे त्यांचे पाच महिने वाचावेत, म्हणून मला जे कळलं ते सगळं इथं मांडतो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. कोरड ही एक तक्रार आहे आणि कडवटपणा ही दुसरी. त्या एकाच वेळी जाणवतात म्हणून आपण त्यांना एक समजतो आणि एकच औषध शोधतो. माझ्या बाबतीत दोन्हींची कारणं निरनिराळी होती. एक नाकात, एक जेवणाच्या वेळेत.

दोन्ही सकाळीच का जाणवतात, त्याचं उत्तर लाळेत आहे. दिवसभरात आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत हा झरा जवळजवळ आटतो, कारण चावणं नाही, बोलणं नाही, आणि गिळणंही फार कमी. लाळ तोंड ओलं ठेवते, तसंच घशाशी आलेलं आम्ल सौम्य करते, जिभेवरचे जंतू धुऊन नेते. रात्री ती कमी असतेच. त्यात तोंड उघडं राहिलं तर उरलीसुरलीही सुकते, आणि खालून वर आलेली चव जिभेवर बसून राहते. म्हणजे कोरड कडवटपणाला जागा करून देते. म्हणूनच दोघांची गाठ सोडवणं अवघड जातं.

मंगळवारची सकाळ

माझी गाठ सुटली ती श्रावणात. मुलीने आधीच बजावलं होतं, "बाबा, रोज उठल्यावर लिहून ठेवा, नाहीतर डॉक्टरांना नक्की काय सांगणार?" म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहायला लागलो होतो. कोरड किती आणि कडवट किती, शून्य ते तीन. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा रस्त्यावर वाजला की उठायचं आणि पाण्याचा घोट घेण्याआधी, दात घासण्याआधी आकडे मांडायचे. पाणी प्यायल्यावर आठवून लिहिलं तर आकडे हमखास चुकतात, हे दोन-तीन दिवसांतच कळलं.

एरवी मी तेव्हा दुकान बंद करून पावणेदहाला घरी यायचो आणि दहा-सव्वादहाला जेवायचो. भात, माशांचं हुमण, कधी तळलेलं नुस्तं (मासे), आणि साडेदहाला आडवा. श्रावणी सोमवारी मात्र संध्याकाळी दुकानावर मुलगा बसतो आणि मी घरी साडेसहाच्या सुमारास उपास सोडतो. शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, तेही बेताचं. महिना संपल्यावर कॅलेंडर पाहिलं तर चारही मंगळवारी कडवटपणाच्या जागी शून्य होतं. कोरडीच्या जागी मात्र तीन. पावसाचा जोर, खोलीत ओल, नाक चोंदलेलं, त्यामुळे कोरड उलट वाढलेली. कडवटपणा जेवणाच्या वेळेबरोबर गेला आणि कोरड जागच्या जागी राहिली. मग दोन्हींचं मूळ एक असणार कसं?

तुम्हीही दोन आठवडे असे आकडे मांडा. शेजारी एवढंच टिपा: रात्री किती वाजता जेवलात, कुठल्या गोळ्या घेतल्या, कुठली नाकपुडी बंद होती, एसी की पंखा, मद्य घेतलं का, लघवीला किती वेळा उठलात. आणि उपाय करायला लागाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. आठ दिवस एक, मग दुसरी. सगळं एकदम बदललं तर बरं वाटेल, पण कशाने ते कळणार नाही, आणि सगळी पथ्यं जन्मभर सांभाळावी लागतील.

आधी कोरडीचा शोध

एक सोपी परीक्षा घरात करता येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कोरड्या पोईचा (आमच्याकडच्या पावाचा) एक तुकडा पाण्याचा घोट न घेता चावून गिळून बघा. सहज गिळता आला तर दिवसाची लाळ ठीक आहे आणि दोष बहुतेक रात्रीच्या श्वासाचा आहे. घास तोंडात फिरत राहिला आणि पाण्याशिवाय उतरलाच नाही, तर लाळ दिवसाही कमी पडते आहे. मग कारण शोधायचं ते औषधांत, साखरेत किंवा लाळेच्या ग्रंथींच्या आजारात. ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

माझा घास व्यवस्थित उतरला. मग रात्रीचा प्रश्न पत्नीला विचारला. ती म्हणाली, "तुम्ही रात्रभर तोंड उघडं टाकून झोपता, हे मी कधीची सांगतेय."

इथं आपल्या गोव्यातल्या माणसाला एक शंका येते, मलाही आली होती. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. एवढ्या ओल्या हवेत तोंड सुकेल कसं? हिशेब असा आहे. शरीराच्या ३७ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत साधारण ४४ ग्रॅम बाष्प मावतं. बाहेरची २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत घेतली तर तिच्यात जेमतेम २२ ग्रॅम असतं. उरलेलं बाष्प ती आपल्याकडून घेते. नाकाने श्वास घेतला तर ते काम नाकाचं अस्तर करतं आणि सोडलेल्या श्वासातलं काही बाष्प परतही मिळवतं. तोंडाने घेतला तर ती उचल थेट जिभेवरून आणि टाळ्यावरून होते. रात्रभरात हजारो श्वास होतात. एसीच्या कोरड्या हवेत हे आणखी लवकर घडतं, पण एसी नसला तरी घडतं.

म्हणजे प्रश्न उरला नाकाचा. माझं नाक का बंद होतं? त्याची दोन कारणं निघाली, आणि पहिलं मी स्वतः विकत आणलेलं होतं. जानेवारीत सर्दी झाली तेव्हा नाक मोकळं करणारा फवारा आणला. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं ज्यांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, त्यातला. दोन मिनिटांत नाक उघडायचं, छान झोप लागायची. सर्दी गेली तरी झोपताना फवारा मारायची सवय राहिली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, की हे फवारे पाचेक दिवसांपलीकडे वापरले तर उलटतात. औषधाचा असर उतरला की नाकाचं अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा फवारा, पुन्हा सूज. रात्री झोपताना मारलेला फवारा पहाटेपर्यंत उतरायचा आणि तेव्हाच तोंड उघडायचं. माझी कोरड पहाटे सगळ्यात वाईट का असायची, ते तेव्हा उमगलं.

तो फवारा बंद करून त्यांनी स्टेरॉइडचा नाकातला फवारा दिला. पहिले आठ-दहा दिवस नाक अगदीच बंद होतं आणि मी हताश झालो होतो. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस जुन्या बाटलीकडे परत जातो. नवा फवारा लगेच नाक उघडत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. मारायचीही पद्धत आहे. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे तोटी आपोआप मधल्या पडद्यापासून लांब राहते. जोरात हुंगायचं नाही. हुंगलं तर औषध घशात उतरतं. ॲझेलास्टिन असलेल्या फवाऱ्याची चव तर चांगलीच कडू असते. रात्री तो वापरणाऱ्यांनी कडवटपणाचं कारण तिथंही शोधावं.

दुसरं कारण पलंगामागे होतं. आमचं घर चिऱ्यांचं, वर मंगळूरी कौलं. पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं लाकडी कपाट पुढे ओढलं तर मागे हातभर काळपट बुरशी. एक कौल सरकलेलं होतं आणि पाणी भिंतीतून झिरपत होतं. बुरशी नुसती पुसून उपयोग नव्हता, आधी कौल बसवलं. मग नाकाला रुमाल बांधून, खिडक्या उघड्या ठेवून साबणाच्या पाण्याने भिंत घासली. सुक्या झाडूने खरवडू नका, कण सगळ्या खोलीत उडतात. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं तर खोलीत ८४ टक्के. ६० च्या खाली राहिली तर बुरशीला, आणि ५० च्या खाली राहिली तर गादीतल्या धुळीच्या किड्यांनाही, जम बसवणं अवघड जातं. पावसाळ्यात एवढी खाली आणणं मला रोज जमत नाही, पण संध्याकाळी तासभर एसी ड्राय मोडवर चालवून फरक पडतो. उशांची जुनी खोळ टाकून दिली, चादरी कडक गरम पाण्यात धुतो.

रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुणं मला सगळ्यात मानवलं. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, विहिरीचं किंवा नळाचं तसंच नाही. पाव लिटरला साधारण अर्धा चमचा मीठ.

नाक मोकळं असूनही तोंड उघडं राहत असेल आणि घोरणंही मोठं असेल, तर घरच्यांना एक गोष्ट विचारा: घोरता घोरता श्वास थांबतो का? मग दचकून, गुदमरल्यासारखं होऊन पुन्हा सुरू होतो का? दिवसा दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो का? असं असेल तर ते झोपेतल्या श्वासरोधाचं लक्षण असू शकतं, त्यासाठी झोपेची तपासणी करून घ्यावी लागते. रक्तदाब आणि हृदय दोन्हींवर त्याचा ताण येतो. तोंडाला पट्टी चिकटवून झोपायचा उपाय हल्ली पुष्कळ जण सांगतात. नाक बंद असलेल्याने किंवा श्वासरोधाची शंका असलेल्याने तो अजिबात करू नये.

आता कडवटपणा

मराठीत 'पित्त' हा शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जठरातलं आम्ल वर आलं तर चव आंबट लागते, छातीत जळजळते, करपट ढेकर येतो. यकृतातून येणारं खरं पित्त कडू असतं, ते लहान आतड्यात उतरतं, आणि कधी कधी तिथून जठरात व पुढे घशापर्यंत परत चढतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने आम्ल कमी होतं, वर चढणं थांबत नाही. माझी गोळी अर्धवट का लागू पडत होती, त्याचा मी लावलेला अर्थ हा. शिवाय मी ती जेवणानंतर घेत होतो. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात.

वर चढणं थांबवायचं तर जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. दुकानदाराला हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. मी साडेसातला दुकानातच डब्यातला भात-भाजी खातो आणि घरी आल्यावर फार तर वाटीभर पेज घेतो. नारळाच्या दाट रसाचं जेवण आणि तळलेलं नुस्तं दुपारी. स्निग्ध पदार्थांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्री त्यांचा त्रास जास्त. सोलकढी पित्तावर चांगली म्हणून मी रात्री पेला भरून घ्यायचो, त्याने काही फरक पडला नाही. ज्यांचा घसा जळतो त्यांनी झोपायच्या तोंडावर आंबट काही घेऊ नये, असं मला वाटतं. दुपारी खुशाल घ्या.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच केली. उशीवर उशी ठेवून ते साधत नाही, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपावं, त्या कुशीत जठराचं तोंड आतल्या द्रवाच्या वर राहतं.

फेणी किंवा हुर्राक घेणाऱ्यांसाठी मनापासून एक सांगतो. मद्य अन्ननलिकेच्या टोकाची झडप सैल करतं, घशाचे स्नायू सैल करून घोरणं वाढवतं, आणि लघवीवाटे पाणीही काढतं. म्हणजे कोरड आणि कडवटपणा दोन्हींना एकाच पेल्यातून वाट मिळते. फेणी तर सुमारे ४२ टक्के मद्याची. कॅलेंडरवर त्या रात्रींसमोर खूण करा आणि दुसऱ्या सकाळचे आकडे स्वतः बघा.

पावसात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोपासून (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापापासून) बचावासाठी डॉक्टर कधी कधी डॉक्सिसायक्लिन देतात. ती गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करू शकते. पेलाभर पाणी आणि त्यानंतर निदान अर्धा तास बसून राहणं, एवढं पाळा.

पोईचा घास न उतरणाऱ्यांसाठी

माझी आते म्हापशाला असते. मे महिन्यात तिलाही हीच तक्रार होती, आणि उन्हाळा आहे म्हणून ती रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपायची. तिला मी कॅलेंडर लावायला सांगितलं. आठवड्यानंतर फोनवर म्हणाली, "अरे, मी रात्री चारदा उठते, हे लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं." साखर तपासली. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा त्यावर असेल तर मधुमेह धरतात. तिची उपाशीपोटीची १९० च्या पुढे होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणून गोव्यातल्या कोणालाही माझं सांगणं आहे, की ही तक्रार महिनाभर टिकली तर बाकी काही करण्याआधी साखर तपासा. स्वस्त तपासणी आहे आणि तिला उशीर झाला तर नुकसान मोठं आहे.

औषधांची यादी मोठी आहे. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, त्यातही क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या, लाळ सुकवतात. गंमत नव्हे, नाकासाठी घेतलेली गोळी तोंडाची कोरड वाढवते आणि माणूस गोंधळतो. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, लघवी रोखून धरण्यासाठीच्या गोळ्या, याही त्यातच. जंतुसंसर्गावरच्या मेट्रोनिडाझोलने आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने तोंडाला धातूसारखी चव येते, झोपेसाठीच्या झोपिक्लोनने कडू. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. पाकिटांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, पुष्कळदा वेळ किंवा गोळी बदलून देता येते.

तोंडाच्या आतही बघा. सासूबाईंची कवळी रात्रीही तोंडातच असायची, तिच्याखाली टाळा लालभडक झाला होता. बुरशीचा संसर्ग निघाला. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवायची, एवढ्याने आणि औषधाने तीन आठवड्यांत बरं वाटलं. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावी. हिरड्यांतून रक्त येत असेल, टॉन्सिलच्या खाचांत पांढरे दाणे अडकत असतील, तर त्यांचीही चव सकाळी जाणवते. मद्यार्क असलेल्या माउथवॉशने तोंड आणखी सुकतं.

आणि तोंडाबरोबर डोळेही कोरडे, वाळू गेल्यासारखे खुपत असतील, सांधे दुखत असतील, विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या बाईला, तर शोग्रेन नावाच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. वर्षानुवर्षं हे 'उष्णता' म्हणून काढलं जातं.

घास गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी शौचाला होणं, डोळे पिवळे आणि लघवी गडद होणं, गालावर कानाच्या पुढे सूज, किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात न पुसला जाणारा पांढरा चट्टा, यांतलं काहीही दिसलं तर कॅलेंडर, ठोकळे सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे आणि दंत महाविद्यालयही तिथंच आहे, म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही एका फेरीत दाखवता येतं. जाताना कॅलेंडरचं पान बरोबर न्या. माझं पान पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मंगळवारचाच.

सध्या माझे आकडे बहुतेक दिवस कोरड एक, कडवट शून्य. यंदा पहिल्या पावसाच्या आठवड्यात नाक पुन्हा चोंदलं आणि कोरड तीनवर गेली. कपाट ओढून पाहिलं, भिंत सुकी होती. कौलावर चढलो तर शेजारचं दुसरं कौल तडकलेलं होतं.